कालोच्या मागची रिकामी जागा

तोंबोझाफी चोर आहे हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं, पण तो इतकं गोड बोलायचा की तोंडावर तसं म्हणायला कोणाची जीभ रेटत नसे. रोज सकाळी माझ्या टपरीवर यायचा, तांदूळ आणि नारळाच्या दुधाच्या गरमगरम मुकारी खायचा, वर कॉफी प्यायचा आणि पैसे रोख द्यायचा. रोख देणाऱ्या माणसाचा मनापासून राग करणं मला जमत नाही. टपरी चालवणाऱ्या बाईला ते परवडतही नाही.

त्या दिवशी तो आला नाही. त्याच्याऐवजी वेलो धापा टाकत आला. वेलो म्हणजे आमच्या व्हॅनिला संस्थेचा माल तोलणारा काटेवाला. एरवी इतका सावकाश चालतो की त्याच्या अंगणातल्या कोंबड्याही त्याला वाट देत नाहीत.

"वोला, तोंबोला पकडलं," तो म्हणाला. "राखणदारांनी पहाटे नदीवर होडी अडवली. दोन पोती हिरव्या शेंगा. आणि शेंगेशेंगेवर कालो."

"मग सुटलो म्हणायचं एकदाचे."

"कसले सुटतोय. त्याने खिशातून संस्थेचं कार्ड काढलं. त्याच्या कार्डावरही खूण कालोच."

माझ्या साच्यातल्या मुकारी करपल्या तरी मला कळलं नाही.

इथे शेंग वेलावर हिरवी असतानाच तिच्यावर मालकाची खूण टोचतात. बुचात टाचण्या रोवून शिक्का करायचा आणि एकेक शेंग टोचत जायचं. जखम भरते, व्रण राहतो, आणि शेंग वाळून काळी झाली तरी तो जात नाही. चोराने शेंग नेली तरी खूण मालकाचीच बोलते. कालो ही कालोझाराची खूण, तिच्या नावाची पहिली चार रोमन अक्षरं.

कालोझारा माझी शेजारीण. नात्याने कोणी नाही, पण मी तिला झोकी म्हणते, थोरली बहीण. वादळात तिचे सगळे वेल झोपले, आणि त्यानंतर महिनाभरात तिचा नवराही वोहेमारच्या एका बाईकडे जाऊन झोपला. बाईने रडारड केली नाही. पुन्हा वेल लावले, आणि ते फुलावर यायची वर्षानुवर्षं वाट बघितली. व्हॅनिलाचं फूल एकच सकाळ उघडतं, आणि त्या सकाळी काट्याने त्याचं लग्न हाताने लावून दिलं नाही तर शेंग धरत नाही. झोकीने यंदा एकेका फुलाचं लग्न स्वतः लावलं होतं. नव्या वेलांचं हे पहिलंच पीक, आणि ते जवळजवळ सगळंच त्या दोन पोत्यांत होतं.

मी टपरीवर सासूला बसवलं आणि संस्थेकडे पळाले.

पोती कचेरीच्या अंगणात ठेवली होती. एकीकडे झोकी उभी, दुसरीकडे तोंबो, मध्ये खुर्चीवर गावचे अध्यक्ष झाओमांगा. अध्यक्ष माणूस चांगला, पण शिक्का मारलेला कागद दिसला की त्याच्याविरुद्ध जायची त्यांची छाती होत नाही. त्यांनी दोन्ही कार्डं दोन हातांत धरली होती आणि आळीपाळीने बघत होते.

"आंद्री, हे कसं काय?" त्यांनी विचारलं.

आंद्री हा संस्थेचा कॉम्प्युटर सांभाळणारा पोरगेला माणूस, राजधानीहून आलेला. त्याचं पूर्ण नाव आंद्रियानत्सितोहाइनारिवेलो. हाक मारायला सुरुवात केली की तो येऊन उभा राहतो, तरी नाव संपलेलं नसतं. त्या दिवशी त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

"अध्यक्ष, जुन्या प्रोग्रामात प्रत्येक खुणेला आठ खण होते," तो म्हणाला. "कोणाची खूण चारच अक्षरांची असली, तर मागचे चार खण तो आपणहून रिकाम्या जागांनी भरायचा. आठ म्हणजे आठ. आणि दोन खुणा ताडून बघताना त्या मागच्या रिकाम्या जागा तो जमेतच धरायचा नाही."

"बरं. आणि नवा?"

"नवा आपणहून काही भरत नाही. आठाच्या आत तुम्ही टाइप कराल तेवढंच. पण तुम्हीच मागे एक रिकामी जागा टाइप केलीत, तर तीही तो अक्षरासारखी मोजतो. कालोझोकींची खूण चार खणांची. तोंबोंची पाच. त्याच्या लेखी दोन वेगळ्या खुणा."

"आणि ही रिकामी जागा टाइप कोणी केली?"

आंद्रीने स्वतःकडे बोट केलं. मग तोंबोच बोलला, अगदी लाघवीपणे.

"मीच सांगितलं त्याला. माझ्या आजीचं नाव कालो होतं, अध्यक्ष. जुना प्रोग्राम दर वर्षी मला नाही म्हणायचा, ती खूण आधीच दुसऱ्या कोणी घेतलीय म्हणून. नवा आला तेव्हा मी म्हटलं, बाळा, आजीचं नाव घाल आणि मागे थोडी जागा सोड, म्हातारीला पाय पसरायला. यंत्राने घेतलं. यंत्र सरकारमान्य आहे. मी काय चुकलो?"

"शेंगा झोकीच्या आहेत," मी मध्येच बोलले. "तुझे वेल कुठेत रे?"

"नदीपलीकडे, डोंगरामागे. चला दाखवतो. दोन दिवस जायला, दोन यायला. तोवर पोत्यातल्या शेंगा तापून नासतील, त्याची भरपाई वोलाबाईंनी मुकारीत करावी."

काही लोक हसले. मेलं हसणंही किती स्वस्त असतं. पण तो म्हणाला ते खरं होतं. हिरव्या शेंगा पोत्यात तापतात, टिकवायच्या तर त्या लवकर गरम पाण्यात बुडवून काढाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निकाल लागला नसता तर कोणाच्याच राहिल्या नसत्या.

तोंबोने पोत्यातून एक शेंग काढली आणि अध्यक्षांच्या नाकासमोर धरली.

"आता तुम्हीच बघा. के, ए, एल, ओ. पुढे शेंग संपली का?"

"नाही."

"मग पुढे काय आहे?"

"पुढे... काही नाही. रिकामं आहे."

"तीच माझी खूण. कालो आणि मागे रिकामं. झोकींची खूण ओ पाशी संपते. त्यांची शेंगही ओ पाशी संपायला हवी होती. जी संपत असेल ती त्यांनी खुशाल घ्यावी."

अध्यक्षांनी शेंग उलटीसुलटी केली. असली एकही शेंग जगात नाही हे त्यांना कळत होतं, पण त्यांच्या दुसऱ्या हातात शिक्क्याचं कार्ड होतं. शेवटी ते म्हणाले, "उगाच तंटा नको. एकेक पोतं वाटून घ्या दोघं."

झोकी तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती कधीच बोलत नाही, तिच्या वाटचंही मीच बोलते. पण तेव्हा तिने अध्यक्षांकडे बघितलं आणि विचारलं, "माझंच मला अर्धं?"

अध्यक्षांना ते लागलं असावं. त्यांनी पोती कुलपात ठेवायला सांगितली आणि सकाळी येतो म्हणून काठी टेकत निघून गेले. मला मात्र इतका संताप आला होता की घरी येईपर्यंत मी वाटेतल्या दोन कुत्र्यांना आणि एका पाद्रीबाबांना शिव्या दिल्या.

दुपार कलल्यावर आंद्री टपरीवर आला. कॉफी मागितली आणि तशीच समोर ठेवून बसला.

"पित का नाहीस? विष नाही घातलेलं. घालायचं मनात होतं."

"घाला, वोलाझोकी. माझ्यामुळेच झालं. यंत्राने मंजुरीची हिरवी खूण दाखवली की मी पुढचा माणूस बोलवायचो. रांग पार चिंचेपर्यंत होती."

"आता ते खोडून टाकता येत नाही का?"

"सभेच्या ठरावाशिवाय एक अक्षर खोडायचा हक्क नाही मला. नवीन घालायचा आहे."

मी साच्यांना तेल लावत होते. हात थांबला.

"म्हणजे उद्या सकाळी मी आले आणि म्हटलं, मला खूण हवी, कालो आणि मागे दोन रिकाम्या जागा. तर?"

त्याने बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "लांबी सहा. घेईल ते."

"आणि मागे तीन?"

"सात. घेईल."

"चार?"

"आठ. तेही घेईल. पाच नाही, खण संपले." त्याने पहिल्यांदाच कॉफी उचलली. "पण खूण घ्यायला वेल हवेत."

"घरामागे चार-दोन वेल कोणाच्या नाहीत इथे?"

एव्हाना माझी सासू मागच्या बाकावरून तांदूळ निवडायचं सोडून पुढे सरकली होती. नेनी म्हणतं तिला सगळं गाव, म्हणजे आई. दात तिला फारसे उरलेले नाहीत, पण चावायचं काम ती जिभेने भागवते.

"चार रिकाम्या जागा मला पाहिजेत," ती म्हणाली.

"तुम्हाला कशाला, नेनी?"

"मी सगळ्यात म्हातारी. मला सगळ्यात जास्त मिळायला पाहिजे. तू तीन घे. दोन त्या काटेवाल्याला दे, त्याला उचलायला हलकं."

सकाळी कचेरीचं दार उघडलं तेव्हा पायरीवर आम्ही तिघं होतो. आंद्रीने एकेकाला समोर बसवलं, टाइप केलं, हिरवी खूण आली, कार्ड छापून निघालं. नेनीचं कार्ड तिच्या हातात देताना त्याचे कान लाल झाले होते. तीनही कार्डांवर छापलेलं एकच, कालो. मागचं रिकामं कागदावर कसं दिसणार?

अंगण भरलं. अध्यक्षांनी आधी पूर्वजांची क्षमा मागितली, मग थोरांची, मग बोलायला उभे राहिल्याबद्दल सगळ्यांची. आमच्याकडे आग लागल्याचं सांगायलाही माणूस आधी क्षमा मागतो. मग तोंबो उठला. तो असल्या भाषणांत पटाईत. आजीपासून सुरुवात केली, आजीच्या गाईपर्यंत गेला, आणि शेवटी पुन्हा तीच शेंग हातात घेऊन म्हणाला, "ओच्या मागे रिकामं असेल ती शेंग माझी. एवढंच माझं म्हणणं. यंत्रही तेच म्हणतं."

"मान्य," वेलो म्हणाला.

तोंबो वळला. "तुला काय मान्य करायचंय?"

"तू म्हणतोस तेच. ओच्या मागे एक रिकामी जागा असली की शेंग तुझी." वेलो सावकाश पुढे आला, त्याने तोंबोच्या हातातली शेंग घेतली आणि बोट ठेवलं. "ही एक. पण हिच्यामागे अजून एक आहे बघ. दोन असल्या की शेंग माझी. हे माझं कार्ड."

अध्यक्षांनी कार्ड घेतलं. मागून मी माझं पुढे केलं.

"दोनवर थांबलास का रे, वेलो? तिसरी जागा मोज की. तीनवाली मी."

लोकांत खसखस पिकली. तोंबोचं गोड तोंड आता आंबायला लागलं होतं. "अध्यक्ष, हा काय पोरखेळ चाललाय? हे सगळे आजच सकाळी—"

"बाजूला व्हा, मला दिसत नाही," नेनी म्हणाली. ती आली, शेंग डोळ्यांजवळ नेली, आणि नखाने टोकापर्यंत मोजत गेली. "एक, दोन, तीन, चार. मागे देठही आहे, पण देठावर माझा दावा नाही. मी लोभी बाई नाही."

अध्यक्षांनी आंद्रीला विचारलं, "यंत्र काय म्हणतं?"

"पाच वेगळ्या खुणा, अध्यक्ष. चार, पाच, सहा, सात आणि आठ खणांच्या. पाचही वैध."

अध्यक्षांनी पाच कार्डं पत्त्यांसारखी हातात धरली. बराच वेळ ते शेंगेकडे आणि कार्डांकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. शिक्क्याच्या कागदाविरुद्ध न जाता निकाल देता येईल अशी वाट त्यांना सापडली होती.

"तोंबो, तुझ्याच हिशेबाने जाऊ. मागे रिकामं असेल त्याची शेंग. सगळ्यात जास्त रिकामं नेनींचं. दोन्ही पोती नेनींची."

"उचला रे," नेनी म्हणाली, आणि आमच्या घराकडे हात केला.

आणि मला सांगायला लाज वाटत नाही, तिथे मी घाबरले. आमचं ठरलं होतं ते तोंबोचं हसं करायचं. निकाल असा खराच नेनीच्या पदरात पडेल हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं, आणि नेनीच्या चेहऱ्यावर गमतीची रेघ नव्हती. दोन पोरं पोत्यांना हात घालून उचलायला लागलीसुद्धा. झोकी भिंतीला टेकून उभी होती. तिने नेनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती नजर मी विसरणार नाही. चोराकडे तिने असं बघितलं नव्हतं.

"थांबा," तोंबो ओरडला. "असं कसं? त्या म्हातारीचे चार वेल नाहीत धड. कुठून आणल्या तिने दोन पोती?"

"माझ्या आजीचं नाव कालो होतं," नेनी म्हणाली. "तिला तुझ्या आजीपेक्षा जास्त पाय पसरायची सवय."

"अध्यक्ष, ही लबाडी आहे. उद्या माझ्या वेलांवरची शेंग न् शेंग हिची होईल. मग माझ्या कार्डाला अर्थ काय राहिला? मागच्या रिकाम्या जागा मोजायच्याच नसतात."

"कितवी मोजायची नाही?" अध्यक्षांनी विचारलं. "चौथी?"

"चौथी नाही, तिसरी नाही, दुसरीही नाही."

"आणि पहिली?"

पोरांनी एक पोतं खांद्यावर घेतलं होतं आणि ती आमच्या अंगणाच्या दिशेने निघाली होती. तोंबो त्या पोत्याकडे बघत होता. नेनी पोरांना सांगत होती, "नीट धरा, माझ्या शेंगा सांडतील." त्या 'माझ्या'ने तो पेटला.

"एकही नाही. मागे रिकामं म्हणजे काही नाही. काहीच नाही. खूण म्हणजे ओपर्यंत, बस."

"हळू बोल," अध्यक्ष म्हणाले. "आंद्री लिहून घेतोय."

आंद्रीने लिहिलं. तोंबोला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं, पण शब्द अंगणभर झाले होते आणि ते झेलायला गावातले अर्धे लोक हजर होते. अध्यक्षांनी ठराव वाचून दाखवला: मागच्या रिकाम्या जागा खुणेत धरायच्या नाहीत, म्हणून पाचही खुणा एकच, आणि एकाच खुणेवर ज्याचं नाव आधी लागलं त्याचा माल. आधी नाव कालोझाराचं, हे तर सगळ्या गावाला ठाऊक. राखणदार तोंबोला घेऊन साम्बावाच्या पोलीसठाण्याच्या वाटेला लागले. जाताना त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मुकारी आहेत का शिल्लक?" मी दोन बांधून दिल्या. पैसे रोख घेतले.

पोरांनी पोती परत आणून झोकीसमोर ठेवली. मी तिचा हात धरायला पुढे गेले. तिने मला बाजूला केलं आणि सरळ आंद्रीच्या टेबलापाशी गेली.

"ही चारही खोड. आत्ता, माझ्यासमोर."

"तोंबोचं पहिलं," आंद्री म्हणाला.

"मग वेलोचं. मग हिचं." ही म्हणजे मी. "मग नेनींचं."

नेनी बाकावर बसली होती, कार्ड अजून पदरात. "अगं, गंमत होती ती. तुझ्यासाठीच केली. माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुमच्यावर आहे, नेनी," झोकी म्हणाली. "पण तुम्ही किती दिवस आहात? कार्ड घरात राहील. घरात तुमचा मुलगा आहे."

तो मुलगा म्हणजे माझा नवरा. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला त्याचे गेल्या वर्षीचे अर्धा डझन उद्योग आठवले आणि मी तोंड बंद ठेवलं. नेनी खो-खो हसली, कार्ड काढून टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "माझ्या मुलाला बरोबर ओळखलंस. आधी माझंच खोड, पोरा."

आंद्रीने एकेक खोडलं. झोकी पडद्याच्या इतकी जवळ वाकली होती की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. शेवटी एकच कालो उरली.

"हिच्यामागे काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही, झोकी."

"काही नाही म्हणजे काहीच नाही, की रिकामं?"

आंद्रीने पडद्यावरची चमकती रेघ नेऊन ओ अक्षराला अगदी चिकटवून दाखवली. झोकीने बोटाच्या नखाने मध्ये फट राहते का ते काचेवर चाचपून बघितलं, आणि मगच ती पोतं उचलायला वाकली.